कधीच न वाचणारी मुलगी

“तिले वाचाच नाई लागत वो. तिच्या डोक्यात आधीच भरून असते सगळं.”

दोरीवर वाळत घातलेल्या चादरीच्या अलीकडे मी उभी होते, पलीकडे माझी रूममेट. कपडे धुण्याच्या दगडावर बसून ती शेजारच्या खोलीतल्या मुलीला हे सांगत होती आणि बोलता बोलता सलवारीच्या पायांना साबण लावत होती. बोलणं माझ्याबद्दल होतं. शेजारची म्हणाली की कॉन्व्हेंटच्या पोरींचं तसंच असते, त्याईले लहानपणीच सगळं शिकवून टाकते. माझी रूममेट हसली. त्या हसण्यात हेवा नव्हता. गावातल्या एखाद्या नामी बैलजोडीबद्दल बोलावं तसं ती माझ्याबद्दल बोलत होती, थोडं कौतुकाने, थोडं ती जोडी आपल्याच दारात बांधलेली असल्यासारखं.

चादर बाजूला करून ‘तसं काही नाही’ एवढंच म्हणायचं होतं. माझ्या हातात भरलेली बादली होती. मी ती आवाज न करता खाली ठेवली आणि दोघी उठून जाईपर्यंत तशीच उभी राहिले. खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

त्या वर्षी आम्ही दोघी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. गडचिरोलीतल्या मुलींच्या वसतिगृहात वरच्या मजल्यावरची टोकाची खोली आम्हाला मिळाली होती. दोन लोखंडी पलंग, भिंतीतली दोन कपाटं, एक पंखा. मी गडचांदूरची. अब्बूंचं तिथे मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. घरी हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि मराठी एक विषय म्हणून शिकलेली. त्यामुळे मी तोंड उघडलं की मुली म्हणायच्या, “थांबा वो, बातम्या लागल्या.” त्यांचं मले-तुले, माझं पुस्तकातलं मला-तुला. पहिल्या आठवड्यातच मी माझं बोलणं निम्म्यावर आणलं.

ती चामोर्शीजवळच्या एका खेड्यातली होती. घरी धानाची शेती, आणि घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. पहिल्या संध्याकाळी तिने पलंगावर फडकं पसरून घरून आणलेले मुरमुऱ्यांचे लाडू काढले आणि मला सांगितलं की येताना तिने वडिलांना स्वतःहून शब्द दिला आहे. जमलं तर तीन वर्षं पूर्ण करीन. नाही जमलं तर तुम्हाला विचारावं लागणार नाही, मीच येऊन सांगीन. लग्नाची घाई कुणाला नव्हती, तिला परत बोलावणारंही कुणी नव्हतं. तिथे राहायचं की नाही हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. आणि जमतं आहे की नाही हे कशावरून ओळखायचं, तर तिच्यापुढे मापाला एकच गोष्ट होती. ती म्हणजे मी.

कॉलेज सुरू झालं तेव्हा आम्हाला सगळ्यांना एकेक माहितीपुस्तिका मिळाली. इंग्रजीत. एका सरांनी सभागृहात ती आमच्यासमोर उघडून हजेरीचा नियम मराठीत समजावला, ओळखपत्राचा समजावला, परीक्षेत मोबाइल सापडला तर काय होतं तेही समजावलं. मध्ये एक पान आलं, क्रेडिट्सच्या तक्त्याचं. ते पान उलटून सर म्हणाले की हे तुम्ही खोलीवर वाचून घ्या. खोलीवर ते वाचता येईल अशा त्या सभागृहात फार मुली नव्हत्या.

मी ते तिथेच वाचलं. तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक वाक्य होतं. वर्गातल्या प्रत्येक तासामागे विद्यार्थ्याने स्वतः आणखी दोन तास अभ्यास करणं अपेक्षित आहे. आम्हाला रोज दोन तासिका थिअरीच्या होत्या, बाकी प्रॅक्टिकल. म्हणजे रोज चार तास. वाचून मला धक्का वगैरे बसला नाही. उलट दुकानाच्या पाटीवर भाव लिहिलेला असावा तशी त्यात एक सोय वाटली. एवढं द्यायचं आहे, ठीक आहे, देऊ.

संध्याकाळी तिने पुस्तिका माझ्या मांडीवर ठेवली. त्याच पानावर बोट ठेवून विचारलं, “हे काय लिहून आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले. “नियम आहेत. हजेरीचे वगैरे.”

मी असं का म्हणाले, ते मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. आळस म्हणावा तर एकच वाक्य होतं. वाईट हेतू म्हणावा तर ती मला पहिल्या दिवसापासून आवडली होती. पण त्याच दिवशी सकाळी जेवणघरात कुणीतरी मला ‘पढाकू’ म्हटलं होतं आणि सगळ्या टेबलावर हशा झाला होता. चार तासांची गोष्ट मी सांगितली असती तर ती पढाकूची गोष्ट झाली असती. शिवाय आणखी एक होतं. मी कशी शिकते हे कुणाला कळू नये, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

ती ओठ हलवत वाचायची. आवाज नाही, नुसती कुजबुज. पानावरून बोट फिरायचं आणि ओठांतून स-स-स असं काहीतरी निघत राहायचं, कोरड्या पानांवरून कुणी हलक्या पायाने चालत गेल्यासारखं. इंग्रजीतलं पुस्तक ती आधी मोठ्या कष्टाने कुजबुजत वाचायची, मग त्याच ओळी मराठीत स्वतःला समजावायची, त्याही कुजबुजत. कॉलेजातून आल्यावर चहा झाला की ती भिंतीला टेकून बसायची ती जेवणाच्या घंटेपर्यंत. मधून मधून उठून कपाटाचं दार उघडायची, काहीतरी करायची, परत बसायची. मला वाटायचं, खाऊ काढते.

आणि मी? मी तिच्यासमोर पलंगावर पडून मोबाइल पाहायचे.

माझा अभ्यास दुसरीकडे होत होता. गडचिरोलीतच माझ्या खालाचं, म्हणजे मावशीचं, घर होतं. खालूंचं गादीघर होतं, खाली कापूस पिंजायची मशीन आणि वर माडीवर भरून ठेवलेल्या गाद्या-रजयांची चवड. कॉलेज दीडला सुटलं की मी मैत्रिणींना ‘खालाकडे जाते’ सांगून सरळ तिथे जायचे. त्या चवडीच्या आड, खिडकीशी, माझी जागा होती. मशीनच्या घरघरीत मला कुणी ऐकत नव्हतं, कुणी पाहत नव्हतं. दोन ते सहा. घड्याळ लावून. रविवारी जास्त. खाला चहा घेऊन वर यायची आणि म्हणायची, “हॉस्टल में पढ़ने को कोई मना करता है क्या?” मी म्हणायचे, तिथे गोंधळ असतो. तिथे गोंधळ नव्हता. तिथे फक्त ती कुजबुज होती.

सहा वाजता मी खोलीवर परत यायचे तेव्हा माझ्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. ती हातातलं पुस्तक पालथं ठेवून उठायची आणि एकेक तंतू काढायची. एकदा तिने विचारलं की मी तिथे गाद्या भरू लागते का. मी ‘कधी कधी’ म्हणाले. त्यानंतर तिने इतर मुलींना तेही सांगितलं. ही दुपारभर खालूला गाद्या भरू लागते, खोलीवर येऊन मोबाइल पाहते, आणि वर्गात सरांनी विचारलं की हिला येतं.

आमच्या शाळेत अशा खोट्याची रीतच होती. परीक्षेच्या दिवशी फाटकात भेटलेली प्रत्येक मुलगी म्हणायची की माझं काहीच झालेलं नाही, मी पुस्तक उघडलंच नाही. जिचं सगळं झालेलं असायचं ती सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. ऐकणारी मनात समजून घ्यायची. ते खोटं नव्हतंच तसं. ‘बरी आहेस का’ला ‘बरी आहे’ म्हणावं तसं ते एक उत्तर होतं. पण हे उत्तर उलटं करून ऐकायचं असतं, ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिच्या गावात काम लपवता येत नाही. रोवणीला बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात. कोण पुढे, कोण मागे, कुणाची कंबर कधी भरली, सगळं सगळ्यांना दिसतं. एक बांधी, म्हणजे धानाचं एक खाचर, रोवायला किती बाया आणि किती वेळ, ते तिथल्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. जिने सांगितलं मी आज बांधीत उतरले नाही, ती उतरलेली नसते.

पहिली चाचणी झाली. निकालाचा कागद फलकावर लागला. मी पहिली होते. ती पास होती, बऱ्यापैकी पास. अर्ध्याहून जास्त वर्ग तिच्या खाली होता. पण कागद वरून वाचायची सवय असते, खालून कुणी वाचत नाही.

दुपारी खोलीत ती माझ्यासमोर येऊन बसली. त्या दिवशी मी खालाकडे गेले नव्हते. तिने माझा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

“माया गळ्याची शपथ. खरं सांगजो. किती वाचलं तू?”

तिच्या गळ्याची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. शाळेच्या फाटकातलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, आणि तेच निघालं. “काहीच नाही ग. वर वर चाळलं फक्त.”

तिने माझा हात हळूच खाली ठेवला. मग म्हणाली, “मी रोज चार-चार तास बसते वो. तरी एवढंच. म्हणजे मायं डोकंच नाई ह्या कामाचं.”

मी म्हणाले की तसं नसतं. कसं असतं, ते मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर कुजबुज कमी होत गेली. आधी माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी दुपारभर बाहेर असायचे. मग एका संध्याकाळी मी आले तर ती पलंगावर पडून मोबाइल पाहत होती, अगदी माझ्यासारखी, भिंतीकडे पाय करून. मला वाटलं, चला, आता ही जरा सैल झाली. मला थोडं हलकंही वाटलं. ती अभ्यास करताना मला तिच्यासमोर पडून राहायला जड जायचं, ते संपलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिने सांगितलं की ती परत येणार नाही. रडली नाही. वडिलांना दिलेला शब्द होता, तो ती पाळत होती. कार्यालयातून दाखला घ्यायला वडील एसटीने आले. उंच, बारीक माणूस, हातात कापडी पिशवी. कार्यालयात त्यांना कुणी का म्हणून विचारलं नाही; मुली सोडून जातात, दरवर्षी जातात. तिची गादी गुंडाळून दोरीने बांधल्यावर ते माझ्याकडे वळले. माझ्या वयाच्या मुलीला त्यांनी हात जोडले.

“बाई, तुमी होत्या म्हणून हिले करमलं. हुशार पोरीसंगं राह्यली, हेच खूप झालं.”

मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला असणार.

वर्षाच्या मध्येच तिच्या जागी दुसरी मुलगी आली नाही. पलंगावर नुसती फळी उरली. पहिल्या दिवशी मी त्यावर माझी बॅग ठेवली, आणि थोड्या वेळाने उचलून खाली ठेवली. मग तिथे काहीच ठेवलं नाही. कपाटाला ती कुलूप लावायची, ते काढून घेऊन गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते उघडलं नाही.

कुजबुज मात्र गेली नाही. दुपारी कॉलेजला सुट्टी असली, वरच्या मजल्यावर कुणी नसलं की मला ती ऐकू यायची. पंख्याच्या पात्यांना गती आली की आधी घुर्र व्हायचं, मग त्यातून स-स-स सुटं होऊन यायचं. मी पंखा बंद करून पाहिला. मग खिडकीबाहेर सागाची पानं होती, त्यांचं असेल. उन्हाळ्यात ती पानं गळून गेली आणि तरी ऐकू यायचं. मला भुताखेतांची भीती वाटत नाही, आणि ती जिवंत होती, तीस-पस्तीस किलोमीटरवर जेवत-खात होती. तिने स्टेटसला टाकलेले फोटो मला दिसायचे, तिच्या भाचीचा वाढदिवस, होळी. तरी खोलीत माझ्याशिवाय कुणीतरी एका ओळीवर अडकून बसलं आहे आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतं आहे, असं वाटायचं. ‘हे काय लिहून आहे?’ असं ते आता विचारणार, असंही वाटायचं. मग मी चपला घालून खालाकडे जायचे.

वर्षाच्या शेवटी वसतिगृहाला रंग द्यायचं निघालं. रंगारी बादली घेऊन आमच्या खोलीत आला आणि म्हणाला की कपाटं रिकामी करून दारं उघडी ठेवा. तिचं कपाट मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार-चार उभ्या रेघांच्या जुड्या. प्रत्येक जुडीखाली बारीक अक्षरांत मराठी आकड्यांत तारीख. काही रेघा अर्ध्याच होत्या. आधी मला वाटलं, घरी जायचे दिवस मोजत असेल. मग अर्ध्या रेघांचा अर्थ लागला. ते तास होते. ती मधून मधून उठून कपाट उघडायची ती यासाठी.

रंगाऱ्याला मी म्हणाले, भाऊ, हे एक दार शेवटी करा. तो म्हणाला, “करतो ना बाई, आपल्याले काय.” आणि मी जमिनीवर बसून मोजलं. रोजचे चार. कुठे साडेतीन, कुठे साडेचार. एका रविवारी सहा. शाळेपासून इंग्रजीत शिकलेली मी गाद्यांच्या आड जेवढे तास बसत होते, बरोबर तेवढेच तास ती खोलीत भिंतीला टेकून बसत होती. तिच्यापुढे कुणी आकडा ठेवलेला नव्हता. जे समजत नव्हतं ते समजेपर्यंत ती बसत होती, आणि त्याला रोज चार तास लागत होते. पुस्तिकेतल्या त्या बारीक ओळीवर ती आपली आपण येऊन उभी राहिली होती. फक्त आपण बरोबर जागी उभे आहोत, ते तिला ठाऊक नव्हतं.

चाचणीच्या निकालानंतरच्या आठवड्यात रेघा एकदम विरळ झाल्या होत्या. तीन. दोन. दोन. एक. मग नुसत्या तारखा, रेघांशिवाय. शेवटच्या दोन आठवड्यांना तारखाही नव्हत्या.

रंगारी विडी ओढून परत आला. मी उठले. त्याने दारावर रंगाचे तीन हात मारले.

त्या दिवशी मी तिला मेसेज लिहायला घेतला. लिहिला, पुसला. दुसऱ्या वर्षभरात तो मी किती वेळा लिहिला आणि पुसला, ते मोजलेलं नाही. सांगितलं तर काय सांगायचं? तू हुशार होतीस? ती म्हणणार, तू चांगली आहेस म्हणून म्हणतेस. मी खोटं बोलले? मग ती विचारणार, काऊन? आणि ह्या काऊनचं, ह्या ‘का’चं, उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दरम्यान माझं वेगळंच झालं होतं. दुसऱ्या वर्षी नवीन मुली आल्या आणि मी जेवणघरात शिरले की त्यांच्यात कुजबुज व्हायची. हीच ती. न वाचता पहिली येते. रूममेट गेली, पण तिने माझ्याबद्दल सांगितलेली गोष्ट वसतिगृहात राहून गेली होती, आणि ती माझ्यापेक्षा मोठी झाली होती. कुणी म्हणायचं, एकदा पान पाहिलं की हिच्या डोळ्यांत छापतं. त्या वर्षीही दोन मुली दिवाळीला घरी गेल्या त्या आल्या नाहीत. कशामुळे, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. पण मला व्हरांड्यातून हातात पुस्तक घेऊन चालण्याची भीती वाटू लागली होती, आणि त्या दोघींपैकी एक माझ्या खोलीवरून जाताना नेहमी आत डोकावून पाहायची, मी काय करते आहे ते. मी मोबाइल पाहत असायचे.

तिसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले तेव्हा कार्यालयाबाहेरच्या फलकावर एक कागद लागला. पहिलं वर्ष अर्धवट सोडलेल्यांना पुन्हा प्रवेश घेता येईल, अमुक तारखेपर्यंत. मी तो वाचला तेव्हा चार दिवस उरले होते. त्याचा फोटो काढून तिला पाठवणं सोपं होतं. पाठवला असता तर तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं असतं आणि गोष्ट संपली असती. नुसता कागद पुरणार नव्हता. ज्या गोष्टीवरून तिने ठरवलं होतं, ती गोष्टच खोटी होती. ते तोंडाने सांगावं लागणार होतं, आणि तोंड माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चामोर्शीची बस धरली. रस्ता सूरजागडच्या खाणीतून लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांनी उखडलेला. लाल धूळ खिडकीतून आत येत होती आणि शेजारची बाई ओढणीने तोंड झाकून झोपली होती. काय म्हणायचं ते मी मनात मराठीत जुळवत होते. प्रत्येक वाक्य बातम्यांसारखं होत होतं.

बाजाराचा दिवस होता. ती चुलत भावाच्या दुकानात बसते, हे मला तिच्या स्टेटसवरच्या फोटोंवरून माहीत होतं. बाजाराच्या तोंडाशी छोटंसं दुकान, एक संगणक, एक प्रिंटर, बाहेर फलक: सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. मला पाहून ती इतकी खूश झाली की खुर्चीवरून उठताना माऊसची वायर ओढून घेतली. जाड झाली होती थोडी. चहा सांगितला, भावाला ओळख करून दिली, खालाची विचारपूस केली. गेली दोन वर्षं चामोर्शीच्या आसपासच्या किती पोरांचे कॉलेजचे फॉर्म आपण भरले ते सांगितलं. सगळी कॉलेजं, सगळे विषय, कोणत्या जातीच्या दाखल्याला कोणता कागद लागतो, सगळं तिला पाठ होतं. मी फलकावरच्या कागदाचं सांगितलं. तिला ते आधीच ठाऊक होतं.

“मायं नको वो,” ती हसत म्हणाली. “गळक्या बांधीत किती पाणी सोडशीन?”

मी चहा प्यायला घेतला. तो पिऊन झाला. तिने नवीन प्रिंटर दाखवला, तो मी पाहिला. जुळवलेली वाक्यं एकेक करून निघून जात होती. परतीची बस कधी आहे ते मी विचारलं, म्हणजे मी जायला निघाले होते.

तेवढ्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन आत आली. बाजाराची पिशवी तिने खाली ठेवली, प्लॅस्टिकच्या पाकिटातून बारावीची गुणपत्रिका काढून टेबलावर सरळ केली. मुलगी मागे भिंतीला चिकटून उभी. मुलीला सायन्सला जायचं आहे, बाई म्हणाली, पण घरात कुणाला त्यातलं काही समजत नाही. मग तिने माझ्या मैत्रिणीला विचारलं, “तू जाऊन आली ना बाबू तिथं. हिले जमन का?”

माझ्या मैत्रिणीने कागद जवळ ओढला. गुणपत्रिका पाहिली. मुलीकडे पाहिलं. ती खोटा धीर देणारी नव्हती.

“डोकं असलं तं जमते काकू. नाई तं किती बी वाचा, काई होत नाई. मी रोज चार तास वाचो.” तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आन् ही मायी रूममेट. कधी पुस्तक उघडताना नाई दिसली, आन् पह्यली आली. असं पाह्यजे.”

ती मुलगी माझ्याकडे पाहू लागली. वसतिगृहाच्या व्हरांड्यातून आत डोकावून पाहणाऱ्या मुलीसारखंच. मग तिने आईचा पदर हलकेच ओढला आणि म्हणाली की राहू दे, आर्टचाच फॉर्म भरू. आई गुणपत्रिका परत पाकिटात घालू लागली. माझ्या मैत्रिणीने मान हलवली, तिला ते पटलं होतं, आणि ती संगणकाकडे वळली. तिचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

“थांबा,” मी म्हणाले. माझा आवाज फार मोठा आला. दुकानाबाहेरच्या भाजीवालीनेही वळून पाहिलं. “हे खरं नाही. मी रोज चार तास अभ्यास करत होते. खालाच्या घरी, माडीवर, लपून. ही रोज खोलीत बसून चार तास वाचायची, तेवढेच मलाही लागायचे, एक मिनिट कमी नाही. सगळ्यांना तेवढेच लागतात, कॉलेजने तसं लिहूनच दिलं होतं. हिने मला विचारलं होतं तिथे काय लिहिलं आहे, आणि मी हिला सांगितलं नाही.”